साहेब, तुमच्या ‘नाही’बद्दल आभार

आदरणीय साहेब,

तुमच्या निरोपाच्या दिवशी बायकांनी मला पुढे ढकललं आणि माईकही हातात दिला. दोन वाक्यं झाली आणि घसा दाटला. मग पेढे वाटले, फोटो निघाले आणि तुम्ही दुसऱ्या प्लांटला रुजू झालात. बोलायचं राहिलं ते इथे लिहिते. सगळ्यांसमोर लिहिते, कारण तुमच्यासारख्या खुर्चीवर बसणाऱ्या आणखी चार जणांनी हे वाचावं अशी इच्छा आहे.

आम्ही वायरिंग हार्नेसच्या लाइनवरच्या बायका. गाडीच्या आतून फिरणारी वायरींची जुडी आम्ही बांधतो. वायरीच्या टोकाचं धातूचं टर्मिनल कनेक्टरच्या खाचेत सरकवायचं, ‘टक’ असं ऐकू आलं की वायर हलकेच मागे ओढून बघायची, मग पुढची घ्यायची. दिवसभर हेच. चाकणमध्ये या कामाला बाई मिळते पटकन, टिकत मात्र नाही. शेजारच्या गेटवर पाचशे रुपये जास्त आहेत असं कळलं की सोमवारी तिची जागा रिकामी. मग वरून विचारणा होते, लोक का सोडून जातात?

यावर तुमच्या आधीच्यांनी केलेले उपाय आम्ही भोगलेत. महिलादिनाला प्रत्येकीला एक गुलाब. कॅन्टीनमध्ये व्याख्याते आणले, त्यांनी आम्हाला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. ‘आपण सगळे एक कुटुंब’ असा बोर्ड गेटवर लागला, आणि त्याच आठवड्यात तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमुळे बस अडकली तर साऱ्या बसचा अर्धा दिवस कापला. मोबाइलवर एक सर्व्हे आला, तुमचं नाव गुप्त राहील असं वर लिहिलेलं, आणि पहिलाच रकाना एम्प्लॉयी नंबरचा. सगळ्या जणींनी ‘अत्यंत समाधानी’वर बोट ठेवलं. त्याचा आलेख नंतर नोटीस बोर्डावर झळकला.

आणि सूचनापेटी. ती तर मी लागल्यापासून भिंतीवर होती. कुलूप होतं, किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नाही. माझ्या शेजारणीने एकदा वायरींचे ट्रे वेगळे लावायची कल्पना तोंडी सांगितली होती. महिन्याभराने ती बोर्डावर दिसली, खाली फोटो तेव्हाच्या साहेबांचा. त्या दिवसापासून तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

तुम्ही आल्यावर मेंटेनन्सच्या माणसाकडून कुलूप तोडून घेतलंत. आतून चिठ्ठ्यांबरोबर चॉकलेटचे कागदही निघाले, आठवतंय ना? आम्ही हसलो. म्हटलं, हाही नवा उत्साह, दिवाळीपर्यंत टिकेल.

मी चिठ्ठी टाकली ती थोडी तुमची परीक्षा बघायलाच. लिहिलं होतं, पहिली शिफ्ट सातऐवजी साडेसातला सुरू करावी. आमच्या वस्तीत पाणी पहाटे येतं. ते भरायचं, पोरांचे डबे करायचे आणि सहाची बस गाठायची, यात बाईचा जीव अर्धा होतो. उत्तराची अपेक्षा नव्हती.

तुम्ही चहाच्या सुट्टीत लाइनवर आलात. केबिनमध्ये बोलावलं नाहीत, सुपरवायझरकडून निरोप धाडला नाहीत. माझ्या स्टेशनपाशी स्टूल ओढून बसलात आणि म्हणालात, ‘ताई, हे जमणार नाही.’ मग कारण सांगितलंत. दिवसाचा माल घेऊन गाडी तीनला निघते, अर्धा तास उशीर झाला तर तिकडे गाड्या बनवणाऱ्या कंपनीची लाइन थांबते. शिवाय आपली बस शेजारच्या कंपनीबरोबर वाटून घेतलेली आहे. माझ्याच चिठ्ठीच्या पाठीवर ‘नाही’ लिहून, ही दोन्ही कारणं लिहून, खाली सही करून तो कागद माझ्या हातात दिलात. निघताना म्हणालात, ‘पाण्याचं मला माहीत नव्हतं.’

साहेब, त्याआधी इतक्या वर्षांत मला कुणी ‘नाही’सुद्धा म्हटलं नव्हतं. ‘बघू’ म्हणत. ‘वर पाठवलंय’ म्हणत. ‘नाही’ म्हणायचं तर समोर बसावं लागतं, डोळ्यांत बघावं लागतं, कारण द्यावं लागतं. तो कागद माझ्या लॉकरमध्ये आहे. शिफ्टची वेळ आजही सातचीच आहे आणि मी अजून याच गेटमधून आत जाते. शेजारच्या कंपनीचा फोन मलाही आला होता.

माझी धाकटी बहीण एमबीए करतेय. तिला तो कागद दाखवला तर तिने अमेरिकेतली हकिकत सांगितली. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न नावाचा कारखाना होता, टेलिफोनची उपकरणं बनवणारा. उजेड वाढवला की काम वाढतं का, हे तिथे १९२४ पासून तपासत होते. हिशेब काही जुळेना, उजेड कमी केला तरी काम म्हणावं तसं घटेना. मग १९२७ मध्ये रिले, म्हणजे टेलिफोनसाठीचे विजेचे स्विच, जोडणाऱ्या मोजक्या मुलींना वेगळ्या खोलीत बसवलं. विश्रांतीच्या वेळा बदलल्या, कामाचे तास बदलले, आणि बदल करण्याआधी त्यांना विचारलं. काम वाढत गेलं. माणसाची दखल घेतली की तो मन लावतो, असा त्याचा अर्थ पुढे जगभर शिकवला गेला. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर शंकाही घेतल्या, कारण त्या मुलींची पैशाची पद्धतही बदललेली होती. आणि फार बोलतात म्हणून त्यांतल्या दोघींना मध्येच हटवलं होतं. मला ही शेवटची गोष्टच पक्की लक्षात राहिली. विचारायचं, पण जास्त बोललेलं नको!

आमच्याकडे उजेडाची अडचण खरीच होती. पिवळट दिव्याखाली लाल आणि तपकिरी वायर सारखीच दिसते. टेस्ट बोर्डावर चूक पकडली जायची, पण मग टेप सोडा, टर्मिनल काढा, परत घाला, आणि वर बोलणी खा. ही चिठ्ठी माझ्या त्याच शेजारणीने टाकली. तोंड मिटलेलीने! तुम्ही पांढरे दिवे लावलेत. पुढे कस्टमरचे लोक ऑडिटला आले, त्यांनी दिव्यांबद्दल विचारलं, तेव्हा तुम्ही दोन पावलं मागे सरकून म्हणालात, ‘यांना विचारा, हे यांचं आहे.’ ती मराठीतच बोलली, भराभर, हात नाचवत. पुढचे आठ दिवस तेच सांगत होती.

एक मात्र स्पष्ट लिहिते, नाहीतर हे पत्र वाचून कुणाला वाटेल की एवढं गोड बोललं की भागतं. भागत नाही. ओव्हरटाइमला दुप्पट दर १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलेला होता, पण आमच्या पगारस्लिपवर तो तास न् तास दिसायला लागला तो तुम्ही आल्यावर. दिसला नसता तर तुमच्या सहीच्या कागदाचं मी काय केलं असतं, सांगता येत नाही. पोट आधी. पण पगार सारखाच असलेल्या दोन गेटांमधून बाई कुठलं निवडते, ते तुमच्यामुळे कळलं.

अशी माणसं तशी असतात इकडेतिकडे. आमच्या बँकेत एक कारकून आहे, फॉर्म परत देताना सही कुठे राहिली तिथे बोट ठेवून दाखवतो. बाकीचे नुसता सरकवतात. काम दोघांचं तेच, वेळही तेवढाच लागतो. तरी रांग त्याच्याच खिडकीपुढे लांब असते.

नवे साहेब आलेत. पेटी दर शनिवारी उघडतात, अजून तरी. परवा एकीला उत्तर मिळालं, तेही ‘नाही’च होतं, पण कारण न लिहिता. ती सरळ केबिनमध्ये गेली आणि कारण मागून आली. ही सवय तुम्ही लावलीत, आता निस्तरायचं त्यांनी.

खंडेनवमीच्या पूजेला यायचं तुम्ही कबूल केलंय. पूजा पहिल्या शिफ्टलाच असते, बरोबर सातला. वेळ बदलता येणार नाही, कारण तुम्हाला माहीत आहे.

आपली,
हार्नेस लाइनवरची ताई