तक्रार: क्लस्टरमधील स्विचचे केबलिंग आराखड्याप्रमाणे न झाल्याबाबत

प्रति,
प्रकल्प व्यवस्थापक, केबलिंग विभाग

विषय: १६० नोडच्या (एकत्र जोडलेल्या संगणकांच्या) क्लस्टरमधील इन्फिनिबँड (वेगवान नेटवर्क) जोडणीतील दोष आणि अंतिम बिल

महोदय,

आपला कामपूर्तीचा अहवाल आणि अंतिम बिल मिळाले. 'सर्व लिंक चालू' या एका ओळीवर काम संपल्याचे अहवालात म्हटले आहे. लिंक चालू आहेत हे खरे, पण त्यांतल्या काही भलत्याच ठिकाणी चालू आहेत. त्यामुळे हे बिल मी मंजुरीसाठी पुढे पाठवलेले नाही.

आराखडा काही अवघड नव्हता. नोड ज्यांना जोडायचे ते ४० पोर्टचे आठ लीफ स्विच आणि लीफना एकमेकांशी जोडणारे तसेच चार स्पाइन. प्रत्येक लीफचे २० पोर्ट खाली नोडकडे, २० वर स्पाइनकडे. म्हणजे प्रत्येक लीफमधून प्रत्येक स्पाइनला नेमक्या पाच केबल. वर जाणाऱ्या केबल १६० आणि चार स्पाइनचे मिळून पोर्टही १६०च. एकही पोर्ट मोकळा नसल्याने एक केबल चुकली की तिच्यापायी दुसरी चुकणारच. तिसऱ्या लीफमधून पहिल्या स्पाइनला सात केबल गेल्या आहेत आणि दुसऱ्याला तीनच. सहाव्या लीफचे बरोबर उलटे. बेरीज जुळते, दिवे हिरवे लागतात, आणि आपल्या माणसांनी त्या हिरव्या दिव्यांचे फोटो अहवालाला जोडले आहेत. फोटो छान आले आहेत.

पाचाच्या जागी तीन केबल म्हणजे, दर केबलला २०० गिगाबिट धरले तर, सेकंदाला १,००० ऐवजी ६०० गिगाबिट. पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. इन्फिनिबँडमध्ये कोणत्या नोडकडे जाणारे पॅकेट कोणत्या पोर्टमधून काढायचे हे सबनेट मॅनेजर आधीच ठरवतो आणि प्रत्येक स्विचच्या तक्त्यात लिहून ठेवतो. आमच्याकडे हे काम ओपनएसएम करतो. रूट स्विचची (सर्वांत वरच्या, म्हणजे इथे स्पाइनची) यादी वेगळी दिलेली नसेल, तर त्याच्या फॅट-ट्री राउटिंगला, म्हणजे अशा लीफ-स्पाइन रचनेत भार सगळ्या केबलवर सारखा वाटणाऱ्या पद्धतीला, एका पातळीवरच्या सगळ्या स्विचची जोडणी एकसारखी लागते. ती तशी न आढळल्याने त्याने फॅट-ट्री सोडून मिन-हॉप, म्हणजे सर्वांत कमी टप्प्यांचा मार्ग निवडणारी साधी पद्धत, धरली. लॉग सोबत जोडला आहे. एकाच लीफखाली मावणारी छोटी कामे व्यवस्थित चालतात, म्हणूनच आपल्या अभियंत्याने घेतलेली दोन नोडमधली चाचणी पास झाली. हवामानाच्या मॉडेलसारखे मोठे काम, ज्यात सगळे नोड एकाच वेळी एकमेकांना डेटा पाठवतात, ते मात्र रखडते. आणि संशोधक आम्हाला विचारतात, नवीन क्लस्टर घेतलाच कशाला?

सर्वांत संताप आला तो लेबलांचा. केबल प्रत्यक्षात कुठे गेली हे न पाहता, आराखड्याच्या तक्त्यावरून आधीच छापलेली लेबले चिकटवली आहेत. लेबल दुसऱ्या स्पाइनचे, केबल पहिल्यात. स्पाइनच्या टोकाला तर कित्येक केबलना लेबलच नाही. वर्क ऑर्डरमध्ये दोन्ही टोकांना लेबल हवे असे स्पष्ट लिहिलेले आहे. प्रत्यक्ष जोडणीची यादी देणारी 'आयबीनेटडिस्कव्हर' ही आज्ञा चालवून तिचे आउटपुट आराखड्याशी ताडले की ही चूक लगेच दिसते. ते ताडणे आपले काम होते.

हे आपल्या साइट अभियंत्यांना फोनवर सांगितले, तर उत्तर मिळाले, "सर, लेबलं नवीन छापून देतो." म्हणजे केबल चुकलेल्याच राहणार आणि कागद दुरुस्त होणार!

खरे तर अदलाबदल चारच केबलची आहे. पण त्या ओढून काढायच्या कशा? ऑप्टिकल केबलचे जुडगे व्हेल्क्रोऐवजी प्लास्टिकच्या झिप टायने करकचून आवळले आहेत आणि चार सोडवायच्या तर सगळे जुडगे कापावे लागेल. वॉरंटीच्या अटीमुळे आम्हाला हात लावता येत नाही. कोपऱ्यावर जिथे केबल फार घट्ट वळवल्या आहेत, तिथल्या दोन लिंक २०० गिगाबिटऐवजी १०० वरच उठतात आणि त्यांचे एरर काउंटर वाढत राहतात. रॅकच्या मागचे जुडगे नोडच्या पॉवर सप्लायवरून नेले आहे. चालू नोडचा सप्लाय बदलता यावा म्हणून जादा पैसे मोजले. आता तो बाहेरच निघत नाही, आणि गरम हवेची वाटही अडली आहे.

येत्या देखभाल-बंदच्या वेळी आपली माणसे पाठवावीत. चार केबल बदलून लावाव्यात, दोन सदोष केबलच्या जागी नव्या द्याव्यात, जुडगी व्हेल्क्रोने, पॉवर सप्लाय मोकळे ठेवून बांधावीत आणि दोन्ही टोकांची लेबले जोडणी तपासल्यानंतरच लावावीत. त्यानंतर सर्व नोडवर २४ तास पूर्ण भार देऊन एरर काउंटर आम्ही आपल्या अभियंत्यासमोर वाचू. या कामाचे वेगळे बिल लावू नये. कोण येणार आणि केव्हा, हे लेखी कळवावे. फोनवरचे आश्वासन खरेदी विभाग ग्राह्य धरत नाही.

आपला,
प्रणाली प्रशासक, संगणन केंद्र

सोबत: सबनेट मॅनेजरचा लॉग, आराखडा व प्रत्यक्ष जोडणीचा तुलनात्मक तक्ता, जुडग्यांचे फोटो