देणगीदार मोजून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वयंसेवी संस्थांनी एकाच देणगीदारावर विसंबू नये, हा कालच्या लेखातला सल्ला बरोबर असला तरी अर्धवट आहे. आणि उरलेल्या अर्ध्या भागातच संस्थांची कोंडी होते.

दहा देणगीदार मिळाले, पण दहाही जणांनी पैसा प्रकल्पापुरताच दिला, तर संस्थेमागे दहा अहवाल, दहा नमुने आणि दहा तारखा लागतात. एका कार्यकर्तीचा पगार ४० टक्के एका अनुदानातून, ३५ टक्के दुसऱ्यातून, २५ टक्के तिसऱ्यातून निघतो. ती तीन टाइमशीट भरते. मधलं अनुदान संपलं की ते ३५ टक्के कुठून आणायचे, हे कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं. ते भागतं बिनअटीच्या पैशातून, आणि नेमका तोच पैसा द्यायला कोणी तयार नसतं.

शिवाय पैशाचा उगमही पाहावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने परदेशी मदत थांबवली, तेव्हा मध्यस्थांमार्फत तोच पैसा घेणाऱ्या संस्थांचीही कामं अडली. कागदावर देणगीदार निराळे होते, तिजोरी एकच होती.

स्वायत्तता जपायची ती करारावर सही करण्याआधी. अनुदान मध्येच थांबवायचं असेल तर ९० दिवसांची नोटीस आणि तोवरचे पगार, हे लिहून घ्यावं. ‘निष्कर्ष देणगीदाराच्या मंजुरीनंतरच प्रसिद्ध करावेत’ हे कलम सरळ खोडावं. ‘प्रत १५ दिवस आधी पाठवू’ एवढं पुरे. आधी खर्च करा, पैसे मागाहून, अशी अट असेल तर तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी हाताशी हवी. ती नसली आणि शेवटचा हप्ता अडकला, की संस्थेला देणगीदार म्हणेल ते मान्य करावं लागतं. कोणाचा पैसा घ्यायचा नाही, हेही विश्वस्तांनी आधीच ठराव करून ठेवावं. चेक टेबलावर असताना तो निर्णय धड होत नाही.

लेखासोबतची संस्थांच्या क्रमवारीची चौकट मात्र खरोखर संतापजनक आहे. व्यवस्थापन खर्च जितका कमी तितकी संस्था चांगली, ही क्रमवारी कोणी लावली? स्वयंसेवी संस्थांना जोखणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन अमेरिकी संस्थांनीच २०१३ मध्ये देणगीदारांना जाहीर पत्र लिहून सांगितलं होतं, की केवळ व्यवस्थापन खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका. अशा याद्यांच्या धाकाने लेखापाल, ऑडिट, जागेचं भाडं हे खर्च संस्था कमी दाखवतात. देणगीदाराला वाटतं एवढ्यात भागतं, आणि पुढच्या अनुदानात तो तेवढंच देतो.

पुढच्या भागात ही चौकट छापायचीच असेल, तर प्रत्येक संस्थेच्या एकूण निधीत बिनअटीचा हिस्सा किती, हा रकानाही कृपया द्यावा.

आपला,
एक नियमित वाचक