नाकाचा पडदा आणि बाबांचा डावा कान

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबांचं नाकाचं हाड वाढलंय, ते कापलं की डावा कान मोकळा होईल, असं कुणीतरी सांगितल्याचं आई परवा म्हणाली. सोयाबीनची रास उरकली की ऑपरेशनचं बघायचं, असंही ठरत आलंय म्हणे. फोनवर बाबांना नीट ऐकू जात नाही, म्हणून लिहून पाठवते. आई, उजव्या बाजूला बसून त्यांना सावकाश वाचून दाखव.

बाबा, तरुणपणी कुस्तीत तुमच्या नाकाला मार लागला होता. नाकाच्या मधोमध पडदा असतो, पुढं कूर्चेचा आणि मागं पातळ हाडाचा. तो तुमचा डावीकडं झुकलाय, त्यालाच लोक हाड वाढलं म्हणतात. डाव्या नाकपुडीतून श्वास कोंडतो, रात्री तोंड उघडं राहतं, सर्दी झाली की लवकर हटत नाही, हे सगळं त्यामुळं होत असणार.

आता कानाचं. नाकाच्या पार मागं, घशाच्या वरच्या अंगाला, दोन्हीकडं एकेका नळीचं तोंड असतं. साधारण साडेतीन सेंटिमीटरची ही नळी कानाच्या पडद्याआडच्या पोकळीपर्यंत जाते. एरवी ती मिटलेली असते. आवंढा गिळला, जांभई दिली की क्षणभर उघडते आणि आत हवा जाते. बीडला जाताना मांजरसुंब्याच्या घाटात कानाला दडे बसतात आणि सुटतात, ते तिच्यामुळंच. आतली हवा तिथलं अस्तर सारखं शोषून घेत असतं. नळी उघडेनाशी झाली की दाब कमी होतो, कानाचा पडदा आत ओढला जातो, पुढं पाणी साचतं. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर त्या खोलगटात मेलेली कातडी साठत जाते आणि ती कानाचं हाडसुद्धा पोखरते. म्हणून दडे बसण्याकडं दुर्लक्ष करू नका, असं मी इतक्या वेळा म्हणते.

वाकड्या पडद्यानं नाकातला वारा नीट खेळत नाही, शेंबूड साचतो, सूज नळीच्या तोंडापर्यंत जाऊ शकते. एवढा संबंध खरा आहे. पण पुष्कळांचा पडदा थोडाफार वाकडा असतो आणि त्यांच्या कानाला काहीसुद्धा होत नाही. पडदा सरळ केल्यावर कानातला दाब सुधारल्याचं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत फारसा फरक पडलेला नाही. ऑपरेशननंतर नाकात बोळे असतात त्या दिवसांत तर दाब उलट बिघडू शकतो, मग सावरतो. श्वासासाठी ऑपरेशन करायचं असेल तर माझी ना नाही. ऐकू येण्याच्या आशेवर मात्र घाई नको.

मला दुसरीच शंका आहे. बाबांना पोरांचा बारीक आवाज कळत नाही, बोलणं ऐकू येतं पण शब्द लागत नाहीत. वय आणि इतकी वर्षं मळणीयंत्राजवळचा आवाज, यानं कानाची नस कमजोर झाली तर असंच होतं. तसं असेल तर नाकाचं कितीही केलं तरी ऐकणं सुधारणार नाही, मशीनच लावावं लागेल. कमीपणा कुठल्या कानात किती आणि तो पडद्यामागचा की नसेचा, हे ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, कळतं. टिम्पॅनोमेट्री म्हणून दुसरी तपासणी असते. कानात छोटं बोंडूक बसवून हवेचा दाब बदलतात, दुखत नाही, लगेच होते. पडद्यामागं पाणी आहे का, दाब उतरलाय का, ते त्या आलेखावर दिसतं. आणि मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी निघालं, तर नाकामागं गाठ वगैरे नाही ना, हे दुर्बिणीनं बघून घ्यायलाच हवं. घाबरण्यासारखं नाही, पण टाळूही नका.

तोवर कानात कोमट तेल, लसणाचं तेल काही घालू नका. तो कान पूर्वी वाहिलाय, पडद्याला छिद्र असलं तर तेल सरळ आत जाईल. मेडिकलवाल्याकडून आणलेले नाक मोकळं करायचे थेंब रोज रात्री घालणं थांबवा. पाच-सात दिवसांच्या पुढं तेच नाक चोंदवतात. नाक जोरात शिंकरू नका. राशीच्या धुळीत तोंडानाकाला रुमाल बांधा. कानातून घाण वासाचं पाणी आलं, चक्कर आली किंवा तोंड वाकडं वाटलं, तर माझी वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मी दिवाळीच्या आधी येते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे, आधी तिथं दाखवू, ऑपरेशनचं त्यानंतर बोलू. आई, कान वाहत होता तेव्हाचे कागद पेटीत असतील तर काढून ठेव. बी.पी.च्या गोळ्यांत रक्त पातळ करणारी एखादी आहे का, तेही पाकिटावरची नावं वाचून मला कळव. डॉक्टर ते आधी विचारतील.

तुमची,
मनू