नारू चार सेकंदात निघत नसतो

अंबाजोगाई,
रविवार, रात्री

प्रिय संज्या,

फोन उचलला नाही म्हणून चिडू नको लेका, मोबाईल स्टँडला उलटा टांगलेला होता आन मी खाली लोकरीचा पांढरा धागा बोटबोट सरकवत फोटो काढत होतो, बायको म्हणली आता हेच राहिलं होतं.

झालं असं की बारावीला मलेरिया शिकवताना ते बाणाबाणांचं गोल चित्र पोरं पाठ करतात, पण ताप नेमका कधी चढतो विचारलं की सगळे गप. म्हणून नेटवरचं एक फुकटचं ॲनिमेशन लावलं तर त्यात नर-मादी पेशींचं मीलन माणसाच्या रक्तातच दाखवलेलं! ते होतं डासाच्या पोटात. (रोनाल्ड रॉस ह्या इंग्रज डॉक्टरला १८९७ साली हा जंतू डासाच्या पोटातच सापडला, तेबी आपल्या निजामाच्या मुलखात, सिकंदराबादला.) मग म्हणलं आपणच एकेक फोटो जोडून ॲनिमेशन करू. तांबड्या पेशी म्हणून मसूर, आतले जंतू म्हणून खसखस, कोपऱ्यात घड्याळ. ४८ तास झाले की मसूर फुटते, खसखस उधळते, तिथंच थंडी वाजून ताप. मागच्या बाकावरचं पोरगं उठून म्हणतंय, "म्हंजे सर, दिवसाआड ताप येतो तो ह्याच्यामुळं व्हय?" त्या दिवशी लाईट गेली नाही, तेबी नवलच.

मग जोर चढला न् नारूचा, म्हंजे पायातून निघणाऱ्या दोऱ्यासारख्या जंताचा, व्हिडिओ केला. परीक्षेला येवो न येवो, आपल्या बारवांचा रोग हाय तो. पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा बारीक किडा पोटात जातो, तो मरतो पण त्याच्यातल्या नारूच्या अळ्या आतडं भेदून बाहेर पडतात, मादी अंगात वर्षभर वाढून दोन-तीन फुटांची होते, मग पायाला फोड, आग आग होते म्हणून माणूस पाय बारवेत बुडवतो आन मादी तिथंच हजारो अळ्या सोडते. पोरं टाळ्या वाजवायली.

पण एका पोरीनं तो व्हिडिओ घरी आजीला दाखवला. आजी म्हणली, "तुझ्या सरला सांग, आसा फटकन निघत नसतो नारू. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा वढावा लागतो, तुटला की पाय सुजून लाकूड व्हतो." म्हातारीच्या घोट्यावर अजून वण हाय. मी चार सेकंदात काढला होता गड्या, लाज वाटली. मसुरीला घड्याळ लावलं आन इथंच विसरलो. आता कोपऱ्यात दिवस मोजतोय, रोज एक वेढा, मधी माणूस खाटेवर, बाहेर पेरणी निघून चाललेली. एका सेकंदाला १२ फोटो, मान मोडली पार. पोरं कंटाळली तर कंटाळू दे.

पोरांना नारू माहीतच नाही, जुलै १९९६ नंतर देशात एकबी रुग्ण नाही, २००० साली भारत नारूमुक्त ठरला. लस नव्हती, औषध नव्हतं, पाणी फडक्यानं गाळा न् पायऱ्यांच्या विहिरीत उतरू नका, मुख्यतः असल्याच उपायांवर गेला.

तर काम असं, तुमच्या अण्णांना नारू झालता ना? किती दिवस निघत होता, काडी कशाची होती, शेत कोणी पाहिलं, सगळं विचार न् त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठव. आन तुमच्या गावच्या बारवेचा फोटो, पायऱ्या दिसल्या पाहिजेत. काकूंना नमस्कार.

तुझाच,
बाळ्या