पीसीआर मशीन जिल्ह्यात आहे, मग किडनीवाल्या पेशंटचं सॅम्पल मुंबईला का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस लागला की आपल्या पेपरात लेप्टो आणि डेंग्यूच्या बातम्या सुरू होतात, कुठल्या गावात किती पेशंट, फवारणी झाली की नाही, ते सगळं मी वाचतो आणि ते यायलाच पाहिजे. पण या तापाच्या गर्दीत काही पेशंट असे असतात ज्यांच्याबद्दल कुठेच काही छापून येत नाही. कुणाची किडनी बदललेली असते, कुणाची केमो चालू असते, कोण आठवड्यातून दोनतीनदा डायलिसिसला जात असतो. यांना ताप आला की हिशोबच वेगळा. माझं राजापुरात मेडिकल आहे आणि घरात धाकट्या भावाची किडनी बदललेली आहे, आईने दिली (आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत आई नाहीतर बायकोच जास्त असतात, यावर कुणीतरी एकदा नीट लिहायला हवं). काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हे बघतोय म्हणून लिहायला बसलो.

नवीन किडनी शरीराने परकी म्हणून टाकून देऊ नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, स्टिरॉइड अशा गोळ्या रोज घ्याव्या लागतात, म्हणजे प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवायची. आता सायटोमेगॅलो म्हणून एक व्हायरस आहे, डॉक्टर त्याला सीएमव्ही म्हणतात, कांजिण्या-नागिणीच्या व्हायरसच्याच घराण्यातला. भारतात मोठ्या माणसांतल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांच्या अंगात तो लहानपणीच शिरून गप पडून असतो, तुमच्यामाझ्याही असणार, आणि आपल्याला कधी काही कळत नाही. हापूसच्या बागेत राखणीला माणूस असेपर्यंत माकडं रानातच थांबतात तसं. गोळ्यांनी राखण कमी झाली की तो उठतो, आणि बहुतेक वेळा ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच उठतो. आतड्यात जातो, लिव्हरमध्ये जातो, फुफ्फुसात जातो, आणि एवढ्या कष्टाने बसवलेली किडनीही धोक्यात आणतो.

आता खरी अडचण. याची लक्षणं काय, तर ताप, अंग मोडून येणं, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी, लिव्हरचे आकडे वर. आणि ऑगस्ट महिन्यात कोकणातल्या कुठल्याही दवाखान्यात असा रिपोर्ट दाखवा, समोरचा काय म्हणेल? डेंग्यू. त्या डॉक्टरचाही दोष नाही, दहातले नऊ तसलेच पेशंट असतात. घरचे माझ्याकडे पपईच्या पानाच्या गोळ्या मागायला येतात, सलाईन लागते, प्लेटलेट वाढायची वाट बघत बसतात, आणि तो व्हायरस मात्र आत वाढत राहतो.

भावाचं अगदी हेच झालं. सीएमव्ही उठू नये म्हणून ऑपरेशननंतर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर देतात, तो कोर्स संपून थोडे दिवस झाले होते (कोर्स संपल्यावरच्या काळातच हा जास्त उठतो हे मला नंतर वाचून कळलं) आणि श्रावणात ताप भरला. जवळच्या एका हॉस्पिटलात ॲडमिट केला, डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली तरी 'प्लेटलेट पडल्यात म्हणजे डेंग्यूच असेल' असं धरून चाललं होतं. मुंबईच्या किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला तर त्यांनी पहिलंच विचारलं, सीएमव्हीची पीसीआर (रक्तात तो व्हायरस आहे का आणि किती आहे ते सांगणारी टेस्ट) केली का? ती इथे होत नव्हती. रक्त काढलं, प्लाझ्मा (रक्तातला पाण्यासारखा भाग) वेगळा केला, बर्फात घालून कुरिअरने मुंबईला. त्यात पाऊस असा की कोदवली नदीचं पाणी जवाहर चौकात आलेलं, अणुस्कुरा घाटात दरड त्यामुळे कोल्हापूरचाही रस्ता बंद. रिपोर्ट येईपर्यंत त्याला रक्ताचे जुलाब सुरू झाले होते. मग मायकोफिनोलेट थांबवून गॅन्सिक्लोव्हिरची इंजेक्शनं सुरू केली आणि तो वाचला, आता बरा आहे, दुकानात पण बसतो. पण सॅम्पल गेल्यापासून रिपोर्ट येईपर्यंतचे ते दिवस आईने कसे काढले ते आम्हालाच माहीत.

कुणी म्हणेल संशय होता तर औषध लगेच का नाही चालू केलं? इथे औषधविक्रेता म्हणून बोलतो. गॅन्सिक्लोव्हिर काय किंवा त्याचीच गोळी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर काय, ही औषधं स्वतःच पांढऱ्या पेशी पाडतात. मायकोफिनोलेटही पाडतं, डेंग्यूही पाडतो आणि सीएमव्हीही पाडतो, मग पेशी नक्की कशाने पडल्या हे न कळता नुसत्या अंदाजावर देणं फार जोखमीचं. डोस पण क्रिएटिनिन (किडनी किती चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) बघून ठरवावा लागतो. ती गोळी फोडायची नाही, कुटायची नाही, पोटुशी बाईने फुटलेल्या गोळीला हात लावायचा नाही, इतकं जपायचं ते औषध आहे. म्हणजे टेस्टशिवाय पान हलत नाही. आणि एकदा करून भागत नाही, उपचार चालू असताना दर आठवड्याला व्हायरसचा आकडा बघावा लागतो, तो उतरतोय का यावर औषध कधी थांबवायचं ते ठरतं. त्यात दोन वेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी लावून बघणं धोक्याचं, प्लाझ्मात तपासलं तर दर वेळी प्लाझ्मातच, आणि एकच लॅब धरायची असते. राजापूरच्या माणसाने दर आठवड्याला मुंबईची एकच लॅब कशी धरायची?

औषधाच्या बाजूने संशोधन खूप पुढे गेलंय, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण आपल्याकडे व्हायरसवर औषधच नसतं असं अजून लोक धरून चालतात. गर्ट्रूड एलियन म्हणून एक शास्त्रज्ञ बाई होत्या, पीएचडी नव्हती त्यांची, १९८८ चं नोबेल मिळालं त्यांना. किडनी टिकवायला प्रतिकारशक्ती दाबणारं ॲझाथायोप्रिन त्यांच्याच टीमचं, आणि नागिणीवरची असायक्लोव्हिर पण त्यांच्याच टीमची. म्हणजे ज्यांनी किडनी बदलण्याचा रस्ता सोपा केला त्यांनीच त्या पेशंटला पुढे होणाऱ्या आजारावरही काम केलं, मला हे फार मोठं वाटतं. असायक्लोव्हिर सीएमव्हीवर मात्र नीट चालत नाही, तिथे गॅन्सिक्लोव्हिरच लागतं, त्याला अमेरिकेत १९८९ ला मान्यता मिळाली ती एड्सच्या पेशंटचे डोळे या व्हायरसने जात होते म्हणून. त्या पेशंटवर झालेल्या कामाचा फायदा आज माझ्या भावाला झाला. पुढे २०१७ ला लेटरमोव्हिर आलं, २०२१ ला मॅरिबाव्हिर आलं, हे दुसरं जुन्या औषधाला व्हायरस दाद देत नसेल तेव्हासाठी.

पण हे सगळं संशोधन कुणावर झालं तेही बघा. २०१० साली ३२६ किडनी पेशंटवरचा एक मोठा अभ्यास आला, व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर १०० दिवस दिलं तर वर्षभरात ३६.८ टक्के लोकांना सीएमव्हीचा आजार झाला आणि २०० दिवस दिलं तर १६.१ टक्के. केवढा फरक! पण ते पेशंट असे होते की ज्यांच्या अंगात व्हायरस आधी नव्हता, तो दात्याच्या किडनीबरोबर आला. आपल्याकडे मोठ्या माणसांत असा पेशंट विरळाच, आपल्याकडे दोघांच्याही अंगात तो आधीपासूनच. मग आपल्या पेशंटला किती दिवस द्यायचं, त्यात शंभर दिवस बरोबर पावसाळ्यात संपत असतील तर काय करायचं, हे आपल्याच पेशंटचे आकडे गोळा केल्याशिवाय कसं कळणार?

कोविडमध्ये पण असंच झालं. लसीच्या मोठ्या चाचण्यांत प्रतिकारशक्ती दाबलेले पेशंट घेतलेच नव्हते. मग २०२१ ला अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी अवयव बदललेल्या पेशंटचं रक्त स्वतः तपासलं तेव्हा दिसलं की पहिल्या डोसनंतर फक्त १७ टक्के लोकांत अँटिबॉडी तयार झाल्या, दोन डोसनंतर ५४ टक्के. फ्रान्समधल्या १०१ पेशंटमध्ये तिसऱ्या डोसने ते प्रमाण ४० वरून ६८ टक्क्यांवर गेलं, म्हणून मग या लोकांना जादा डोस देऊ लागले. कुणीतरी टेस्ट केली, आकडे लिहून ठेवले, म्हणून ते समजलं.

आता मुद्द्यावर येतो. २०२० मध्ये कोविडसाठी रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गात ओरोसला आरटीपीसीआर लॅब सुरू झाल्या, तेव्हा किती आनंद झाला होता आपल्याला. सीएमव्हीची व्हायरल लोड टेस्ट, म्हणजे व्हायरसचा आकडा काढणारी, त्याच प्रकारच्या रिअल टाइम पीसीआर मशीनवर होते. उलट हा डीएनए व्हायरस, त्यामुळे कोविडला आरएनएचं डीएनए करण्याची जी पायरी लागायची ती पण नको. किट वेगळं लागतं, टेक्निशियनला थोडं ट्रेनिंग लागतं. किडनीच्या पेशंटला बीके म्हणून आणखी एक व्हायरस त्रास देतो, त्यावर पक्कं औषधच नाही, वेळेत सापडला तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी करून किडनी वाचवता येते (त्या जास्त कमी झाल्या तर शरीर किडनी नाकारतं, अशी ती तारेवरची कसरत), त्याचीही टेस्ट त्याच मशीनवर. हिपॅटायटिस बी आणि सीचं तर २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहे, तपासणी पण आणि औषध पण. डायलिसिसवाल्यांनी त्याची चौकशी करावीच, आणि केमोवाल्यांनी तर सुरू करायच्या आधी बीची टेस्ट मागून घ्यावी, कारण कॅन्सरवरच्या रिटुक्सिमॅबसारख्या औषधाने जुना झोपलेला बी परत उठतो आणि लिव्हर घेऊन जातो. आधी कळलं तर रोजच्या एका गोळीने तो बहुतेक थोपवता येतो.

अडचण मला माहीत आहे. पीसीआरचं किट एकेका सॅम्पलसाठी लावलं तर परवडत नाही, आणि एका जिल्ह्यात असे पेशंट थोडेच. मग रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग मिळून एक लॅब ठरवा, आठवड्यातले दोन ठरलेले वार ठेवा, सॅम्पल कोकण रेल्वेने नाहीतर एसटीने येऊ देत. अलिबाग, रत्नागिरी, ओरोस तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, तिथल्या मुलांना शिकायलाही मिळेल आणि पेशंटचं नाव गुप्त ठेवून हेच रिपोर्ट नोंदवत गेलं तर चारपाच वर्षांत कोकणातल्या पेशंटचा स्वतःचा अभ्यास उभा राहील. २०१६ ला सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात माकडताप आला तेव्हा निदान लांबच्या लॅबवर अवलंबून असलं की काय होतं ते आपण बघितलंय.

दुसरं, पैसे. महात्मा फुले योजनेत किडनी बदलायला साडेचार लाखांपर्यंतची मर्यादा केली हे फार चांगलं झालं, पण व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरची एकेक गोळी शंभराच्या पटीत जाते आणि ती महिनोन् महिने लागते. आंब्याच्या कलमांवर पोट असलेला माणूस ती मधेच बंद करतो. मी बघितलंय, चिठ्ठीवर साठ गोळ्या असतात आणि माणूस दहा मागतो. सरकारी दवाखान्यातून ही गोळी मिळायला पाहिजे.

आणि सरकारची वाट न बघता होण्यासारखं पण आहे. गणपतीला चाकरमानी आले की घर भरतं, आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यातच असतो, त्यामुळे ज्या घरात असा पेशंट आहे तिथल्या सगळ्यांनी पावसाच्या आधी फ्लूची लस घ्यावी, सर्दीतापात असलेल्या पाहुण्याने दर्शन लांबून घ्यावं, घरच्यांनी त्याचा राग मानू नये. पेशंटने पण घ्यावी, इंजेक्शनवाली, नाकात मारायची जिवंत लस नको. नागिणीची जिवंत नसलेली लस २०२३ पासून भारतात मिळते, महाग आहे, पण डॉक्टरांना विचारून ठेवा. ताप आला तर कुठल्याही दवाखान्यात पहिलं वाक्य 'माझी किडनी बदललेली आहे' हेच, आणि गोळ्यांची यादी खिशात. घसा धरला म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलेली चिठ्ठी माझ्याकडे आली की मी पेशंटला थांबवतो आणि डॉक्टरांना फोन करतो, कारण त्याने टॅक्रोलिमस रक्तात भलतंच वाढतं. अंगदुखीला डायक्लोफिनॅक तर नकोच नको. बाकीच्या मेडिकलवाल्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे, एवढं विचारत जा.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांच्या शल्यचिकित्सकांनी आणि तिन्ही मेडिकल कॉलेजांच्या अधिष्ठात्यांनी आपल्याच पेपरातून एवढंच सांगावं की त्या पीसीआर मशीनवर आज कुठल्या कुठल्या टेस्ट होतात, आणि सीएमव्हीचं किट येत्या पावसाळ्याच्या आधी येणार की नाही.

आपला,
एक औषधविक्रेता
राजापूर, जि. रत्नागिरी