झीलकऱ्याच्या नातवाचे पत्र

तालुका देसाईगंज (वडसा),
आश्विन वद्य दशमी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र तान्ह्या पोळ्याच्या दिवशी हाती पडले आणि उत्तर लिहायला आज जवळजवळ दोन महिने उलटले, याबद्दल मनात काही आणू नकोस. यंदा पाऊस लांबल्यामुळे धानाचा रोवणा उशिरा आटोपला आणि त्यानंतर निंदण व फवारणी यांतच दिवस गेले. आता हलके धान कापणीला आले आहे, भारी धान अजून हिरवे आहे, आणि या दोहोंच्या मधल्या चार मोकळ्या दिवसांत मी हे पत्र लिहायला बसलो आहे.

तू विचारले आहेस की, आता सगळे गाणे मोबाइलवर मिळत असताना, आणि तेही घरच्या ओसरीवर बसून नीट ऐकू येत असताना, दोन तासांच्या कार्यक्रमासाठी दोन दोन दिवसांचा प्रवास मी या वयातही का करतो. तुझ्या प्रश्नात काळजी आहे, हे मला कळते. म्हणूनच त्याचे उत्तर दोन ओळींत देऊन मोकळे व्हावेसे वाटत नाही.

माझा आजा खडी गंमतीत, म्हणजे आपल्याकडच्या तमाशासारख्या रात्रभराच्या लोकनाट्यात, झीलकरी होता, हे तुला ठाऊकच आहे. शाहीर नव्हे, नाच्याही नव्हे. शाहिराच्या मागे तुणतुणे घेऊन रात्रभर उभा राहणारा आणि त्याच्या ओळीचे शेवटचे शब्द उचलून 'जी जी र जी' करीत सूर तोलून धरणारा माणूस. लहानपणी मला याचे थोडे वाईट वाटे. सगळ्यांच्या आज्याने काही तरी केलेले असायचे आणि माझा आजा नुसता दुसऱ्याच्या मागे ओरडतो, असे वाटायचे. झील कशासाठी असते, हे त्याने मला समजावले तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. कलगीवाला आणि तुरेवाला हे दोन प्रतिस्पर्धी शाहीर समोरासमोर उभे राहतात, एक सवाल टाकतो आणि दुसऱ्याला तिथल्या तिथे जबाब जुळवावा लागतो. झीलकरी सूर धरून ठेवतात तेवढ्याच वेळात शाहिराला दम घेता येतो आणि पुढची ओळ मनात बांधता येते. झील तुटली तर शाहीर उघडा पडतो. म्हणजे गाणे शाहिराचे असले तरी त्याचा श्वास झीलकऱ्याच्या हाती असतो. आजा आणखी एक गोष्ट सांगायचा, आणि ती मी अजून विसरलो नाही : ''हाताकडं पाह्य बापू, कानावर नोको जाऊ.'' डफावरच्या हाताकडे पाहून झील उचलायची, ऐकून उचलली तर ती मागे पडते, असा त्याचा अर्थ होता.

या वाक्याचा अर्थ मला पुरता उमगला तो बंगळूरला. १७ मार्च २००७ रोजी आयर्न मेडन हा इंग्रजांचा रॉक गट पहिल्यांदाच भारतात आला आणि पॅलेस ग्राउंड्सवर त्याचा कार्यक्रम झाला. मी पाच पोती धान विकून निघालो होतो, हे घरी कळल्यावर काय झाले ते तू पाहिलेले आहेस. वडशावरून बल्लारशा, तिथून दक्षिणेकडे जाणारी गाडी, आरक्षण नाही, डब्याच्या दाराजवळ बसून रात्र आणि दिवस काढला. मैदानावर पोहोचलो तेव्हा पायांखाली धूळ होती आणि चहूकडे काळे सदरे घातलेली हजारो मुले होती. त्यांतल्या एकाचीही भाषा मला नीट येत नव्हती, आणि गाण्यांतले निम्मे इंग्रजीही मला तेव्हा कळत नव्हते.

त्या गटात तीन गिटारी आहेत. एका गाण्यात गिटारींची एक धून आहे, तिला शब्द नाहीत; आणि ती धून सुरू होताच संपूर्ण मैदान ती तोंडाने गाऊ लागले. कोणी शिकवले नव्हते, कोणी सांगितले नव्हते. मी दचकलो, कारण ही झील होती. शब्द संपल्यावर उरणारा आणि गायकाला दम घेऊ देणारा तोच सूर आमच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, चार जण धरतात, आणि इथे तो हजारो जणांनी धरला होता. गायक खरोखरच ध्वनिक्षेपक खाली घेऊन उभा होता आणि त्याची छाती वरखाली होताना दिसत होती.

परंतु मी बराच मागे उभा होतो, आणि थोड्याच वेळात माझ्या लक्षात आले की आमच्या बाजूची झील पुढच्या लोकांच्या मागे पडते आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रंगमंचापासून शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या कानी तोच ठेका पाव सेकंदाहून अधिक उशिरा पोहोचतो, आणि त्याने ऐकून उचललेला सूर परत पुढे जाईपर्यंत तेवढाच उशीर आणखी होतो. मोठ्या मैदानांवर मध्येच कर्ण्यांचे मनोरे उभे करतात आणि त्यांतला आवाज मोजून तेवढाच उशिरा सोडतात, ते याच कारणासाठी. मला तेव्हा यातले काही माहीत नव्हते, मला फक्त आज्याचे वाक्य आठवले. ढोल वाजवणारा त्याच्या ढोलांच्या गराड्यात दिसत नव्हता, म्हणून मी स्टीव्ह हॅरिसच्या हाताकडे पाहू लागलो. हा माणूस एक पाय पुढच्या पेटीवर ठेवून बास गिटार वाजवतो, आणि त्याची दोन बोटे घोड्याच्या टापांसारखी चालतात. त्या बोटांवर नजर ठेवून गायलो आणि माझी झील जागेवर आली. शेजारचा मुलगा माझ्याकडे पाहून हसला आणि तोही पुढे पाहून गाऊ लागला. माझा आजा त्याआधी तीन वर्षे वारला होता. त्या धुळीत उभा राहून मी रडलो, हे आजवर मी कोणाला सांगितले नाही.

मोबाइलवर हेच गाणे मी शंभर वेळा ऐकले आहे. त्यातला आवाज त्या रात्रीपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. परंतु त्या गाण्याला माझी गरज नाही. मी गायलो काय किंवा उठून गेलो काय, त्यातला गायक ठरल्या क्षणीच श्वास घेतो.

हे तुला पटणार नाही असे वाटले म्हणून तुझीच एक गोष्ट तुला आठवून देतो. २००८ च्या हिवाळ्यात मी पुण्याला आलो होतो आणि तू मला एका महाविद्यालयाच्या मैदानावर इंडियन ओशन ऐकायला घेऊन गेला होतास. १९९० मध्ये दिल्लीत सुरू झालेला तो गट, आणि त्यात असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गात असत. तालाचा हात आणि गळा एकाच माणसाचा असला की गाण्याला कसा एक वेगळाच तोल येतो, ते आपण दोघांनीही त्या दिवशी पाहिले. मग त्यांनी नर्मदाकाठचे ते लोकगीत घेतले. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात राहिलेले, तिथेच कानी पडलेले गाणे ते विजेच्या बास गिटारीवर घेऊन गात होते. मी तुझ्याकडे पाहिले तर तुझे डोळे मिटलेले होते आणि तू गात होतास. मोठ्याने, सुरात, आपल्या वैनगंगेला नावेत बसून लोक म्हणतात तसा खालच्या पट्टीत. तू शाळेतही कधी गायला उभा राहिला नाहीस. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर २००९ रोजी, असीम चक्रवर्ती गेले आणि तो ताल-गळा पुन्हा तसा ऐकायला मिळणार नव्हता. त्या बातमीनंतर तू मला केलेला फोन मला आठवतो. आपण दोघेही फार बोललो नाही.

याचा अर्थ प्रत्येक प्रवास सार्थकी लागतो असा नाही. तीन वर्षांपूर्वी मी एका मोठ्या शहरात एका नावाजलेल्या गायकाला ऐकायला गेलो होतो. तिसऱ्या गाण्यात त्याने ध्वनिक्षेपक तोंडापासून दूर नेला आणि तरी त्याचा आवाज चालूच राहिला. मागे मुद्रित ट्रॅक लावलेला होता. लोक टाळ्या वाजवत होते, पण मला तिथे बसवेना. मी उठून बाहेर आलो आणि फलाटावर रात्र काढली. दिवे, पडदे, धूर यांचा मला राग नाही. ज्या गायकाला दम लागत नाही त्याला झील कशाला हवी, आणि मग मी तिथे कशासाठी आहे, एवढेच मला कळत नव्हते.

विजेबद्दल मात्र माझे मत बदलले आहे आणि ते तुला सांगितले पाहिजे, कारण याच विषयावर आपण एका उन्हाळ्यात रात्रभर भांडलो होतो. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत ऑर्गनच्या जागी कीबोर्ड आला, खडी गंमतीत ढोलकीशेजारी ऑक्टोपॅड हे विजेचे तालवाद्य येऊन बसले, तेव्हा मी फार चिडलो होतो. तू मला तेव्हा अमेरिकन गायक बॉब डिलनचे उदाहरण दिले होतेस : २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो विजेची गिटार घेऊन उभा राहिला आणि त्याच्यावर जीव टाकणाऱ्यांतल्याच काहींनी त्याची हुर्यो उडवली. ते विजेवर चिडले होते की खराब आवाजावर, याचा वाद अजून मिटलेला नाही. आज मला वाटते की तू बरोबर होतास. गेल्या हंगामात वडशाच्या एका कंपनीचे नाटक पाहिले. कीबोर्डवाला खालच्या खड्ड्यात बसून नटाच्या ओठांकडे टक लावून पाहत होता, नटाने पद लांबवले की हाही लांबवत होता, वन्समोअर मिळाला की तिसऱ्या वेळी नवीन हरकत घेऊन त्याला उचलत होता. रात्री दहाला सुरू झालेले नाटक पहाटे संपले तरी त्याची नजर ढळली नाही. तोही झीलकरीच की. वाद्य कोणतेही असो, त्याने पाहिले पाहिजे.

आणि वीज नसली तर काय होते, तेही आम्ही मागच्या मंडईत अनुभवले. भाऊबीजेनंतरचा तो दिवस, धान कापलेल्या शेताच्या बांधीत मांडव टाकलेला, धुऱ्यावर आलुबोंड्याची आणि चहाची दुकाने. (तुला सांगतो, धानाच्या बांधीत असा मांडव पाहिला की मला अमेरिकेतल्या त्या वुडस्टॉक महोत्सवाची आठवण येते. ऑगस्ट १९६९ मध्ये मॅक्स यासगर नावाच्या एका गवळी शेतकऱ्याने आपले रान दिले आणि चारेक लाख माणसे पावसात, चिखलात तिथे तीन-चार दिवस राहिली. सगळे जण तिथल्या गाण्यांबद्दल बोलतात, मला मात्र नेहमी त्याच्या चाऱ्याची चिंता वाटते.) रात्री एकच्या सुमारास जनरेटरचे डिझेल संपले. दिवे गेले, कर्णे गेले, आणि जबाबाच्या मधोमध असलेला शाहीर अंधारात अडकला. एक क्षण काहीच झाले नाही. मग त्याच्या मागच्या म्हाताऱ्या झीलकऱ्याने सूर सोडला नाही, तो तसाच धरून ठेवला, आणि शाहीर डफ वाजवत मंचावरून खाली उतरला.

मागे बसलेली माणसे उठून पुढे सरकली, बायका पोरांना कडेवर घेऊन जवळ आल्या, कोणीतरी मोबाइलचा दिवा शाहिराच्या हातावर धरला, तोंडावर नव्हे. धरणारा कोण होता मला ठाऊक नाही, पण त्याच्याही घरी कोणी झीलकरी असला पाहिजे. त्या उजेडात फक्त डफ आणि बोटे दिसत होती आणि आम्ही सगळे, दोन-तीनशे माणसे, त्या बोटांकडे पाहून झील धरत होतो. दुसऱ्या गावाचा शाहीरही आपल्या बाजूने उतरून आला आणि त्यानेही सवाल तसाच, कर्ण्याशिवाय टाकला. अर्ध्या तासाने डिझेल आले. दिवे लागल्यावर शाहिराने वर मंचाकडे पाहिले आणि तिथेच खाली उभा राहून गात राहिला.

गेल्या आठवड्यात मोझरीला, गुरुकुंजाला जाऊन आलो. राष्ट्रसंतांची पुण्यतिथी होती. दिवसभर खंजेरी भजने चालली आणि ४ वाजून ५८ मिनिटांनी, म्हणजे ११ ऑक्टोबर १९६८ रोजी ज्या वेळी तुकडोजी महाराज गेले त्या वेळी, तिथे जमलेला सगळा समुदाय मौन उभा राहिला. मी खंजेरीवाल्याच्या जवळ होतो. त्याने हात खंजेरीवरच ठेवला होता, पण तो हलत नव्हता, आणि आम्ही सगळे त्या न हलणाऱ्या हाताकडे पाहत होतो. एवढ्या माणसांचा श्वास एका वेळी ऐकू येतो, हे मला माहीत नव्हते.

तर यंदा मंडईला ये. भाऊबीजेला बहिणीकडे जाशीलच, तिथून नागपूरवरून सकाळची बस धरलीस तर दुपारी ब्रह्मपुरीला उतरशील, मी गाडी घेऊन येतो. रात्री थंडी पडते, म्हणून घोंगडी मी आणतो, तू फक्त कानटोपी आण. आपण मांडवात डाव्या बाजूला बसू, तिथून डफ वाजवणाऱ्याचा हात नीट दिसतो. काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग आणि मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बालमित्र