होस्ट फॅमिलीचे पैसे घेतलेत, मग मुलीला भाड्याची खोली कशी दिलीत?

प्रति,
मॅनेजर, पणजी ऑफिस

विषय: कोइंब्राला होस्ट फॅमिलीच्या नावाखाली नुसती खोली दिल्याबद्दल तक्रार आणि रिफंड

नमस्कार,

माझी मुलगी तुमच्या एजन्सीमार्फत पोर्तुगालला, कोइंब्राला पोर्तुगीजचा वर्षाचा कोर्स करायला गेली होती. युनिव्हर्सिटीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, १२९० साली सुरू झालेली युनिव्हर्सिटी ती, शिकवलंही छान, व्हिसाचं कामही तुम्ही वेळेत केलंत. तक्रार फक्त राहण्याची आहे आणि ती फोनवर सांगून सांगून थकले म्हणून आता लिहून देतेय.

हॉस्टेल स्वस्त पडत होतं तरी आम्ही होस्ट फॅमिलीचे, म्हणजे तिथल्या एका कुटुंबात घरच्यासारखं राहण्याचे, जास्तीचे पैसे भरले, कारण तुमच्याच काउन्सेलर मॅडमनी समजावलं की तिथले लोक बोलताना स्वर गिळतात, पुस्तक वाचता येतं पण दुकानात कोणी बोललं की काही कळत नाही, घरात रोज कानावर पडलं तरच जमतं. मला ते पटलं. मुलगी इथे शाळेत नववीपासून पोर्तुगीज शिकली, मार्कही चांगले, पण घरी बोलणार कुणाशी, आमच्याकडे मराठी नाहीतर कोकणी.

आणि तिथे काय मिळालं? घरमालकीणबाई आणि त्यांची माणसं वरच्या मजल्यावर, खाली ओळीने खोल्या, प्रत्येक खोलीत वेगळ्या देशाची मुलगी, आपसात सगळ्या इंग्लिश बोलणाऱ्या. रात्रीचं जेवण डब्यात घालून फ्रीजमध्ये, मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं आणि आपल्या खोलीत बसून खायचं. बाई वाईट नव्हत्या हो, चादरी स्वच्छ, कधी आवाज चढवला नाही. मुलीने त्यांना विचारलं की मी तुमच्याबरोबर जेवायला बसू का, तर त्या गोंधळल्याच, म्हणाल्या एजन्सीने आम्हाला असं काही सांगितलंच नव्हतं, आम्ही फक्त रूम देतो. हे वाक्य परत एकदा वाचा प्लीज. म्हणजे आमच्याकडून पैसे कुटुंबाचे घेतलेत आणि तिथे बुकिंग केलंत खोलीचं.

२४ डिसेंबरच्या रात्री तिकडे घरची सगळी माणसं एकत्र बसून बटाटे, कोबी आणि उकडलेला बाकाल्याव, म्हणजे खारवलेला कॉड मासा, जेवतात. वर ते चाललेलं आणि खाली माझी मुलगी एकटी, बाकीच्या फिरायला गेलेल्या. तिथे आठ वाजलेले, इथे रात्रीचा दीड, आम्ही दोघं फोन धरून बसलेलो. आम्ही हिंदू पण नाताळला शेजारून दोदोल, नेवऱ्यांचं ताट आमच्याकडे येतं, चतुर्थीला आमच्याकडून त्यांच्याकडे जातं, त्यामुळे सणाच्या दिवशी घरातल्याच पोरीला कोणी हाक मारू नये हे आम्हाला फार लागलं.

तिच्या वर्गातली एक जपानची मुलगी दुसऱ्या एजन्सीकडून आलेली, तिला खरं घर मिळालं होतं. त्या घरच्या आजीने ११ नोव्हेंबरला, सांव मार्तिन्यच्या सणाच्या दिवशी, चेस्टनट भाजले तेव्हा हिलाही बोलावलं, मग रविवारच्या जेवणाला बोलवायला लागली, कांदा चिरायला बसवायची, शब्द चुकला की थांबवून परत म्हणायला लावायची. माझी मुलगी आज जे काही बोलते ते त्या स्वयंपाकघरात शिकली, तुम्ही दिलेल्या घरात नाही. त्या आजीला आम्ही एक पैसा दिलेला नाही.

घर बदलून द्या म्हटलं तर तुमचं उत्तर काय, बेड आणि जेवण मिळतंय ना मग सर्व्हिस पूर्ण झाली. जानेवारीनंतर बघू म्हणालात आणि मग मेलला उत्तरच नाही.

मला होस्ट फॅमिलीसाठी घेतलेली पूर्ण जादा रक्कम परत हवी. आणि यापुढे ज्या घरी मूल पाठवाल त्या घराला आधी विचारा की तुम्ही त्याला तुमच्या टेबलावर बसवणार का, नसेल तर सरळ रूम म्हणून विका आणि रूमचेच पैसे घ्या. या वर्षी फोंड्यातूनच आणखी मुलं तुमच्याकडे नाव घालतायत, त्यांच्या आईबापांना हे आधीच कळायला हवं. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, तिथेही जाईन. पावत्या आणि तुमच्या मॅडमचे व्हॉट्सअॅप मेसेज सोबत जोडलेत.

तुमची ग्राहक,
फोंडा, गोवा